‘यात आपला विदर्भ कुठी हाय?’ : राष्ट्रगीत आणि बोधवाक्यामागची गोष्ट

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठ लांबतो. बाहेर तूर सवंगणीला आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते आणि मैदानावर पोरं सव्वीस जानेवारीच्या सरावाला ‘सावधान’मध्ये उभी असतात. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांत पूर्ण व्हायला हवं, म्हणून मी हातातल्या घड्याळाकडे बघत उभा राहतो. आमच्या पोरांना एक मिनिटाच्या वर लागतं. शेवटचं ‘जय हे’ त्यांना सोडवत नाही. पहिली-दुसरीतली लहानगी तर पुढच्याचा श्वास संपला की स्वतःचा सुरू करतात.

यंदा सराव संपल्यावर पाचवीतली एक मुलगी तिथंच थांबली. म्हणाली, “सर, पंजाब हाय, गुजरात हाय, बंगाल हाय. यात आपला विदर्भ कुठी हाय जी?”

मी पटकन सांगून टाकलं, “अगं, ‘मराठा’ आहे ना, त्यात आपण आलो.” तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. त्या दिवसापासून हे सगळं पुन्हा मुळातून वाचायला घेतलं. तिला द्यायला हवं होतं ते उत्तर इथं लिहितो आहे.

आधी १९११ सालचा नकाशा डोळ्यांपुढे आणू. आमचं गाव वर्धा नदीच्या काठाला, आर्वीच्या बाजूला. त्या वेळी ही नदी म्हणजे नुसती नदी नव्हती, जुनी सरहद्द होती. अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा जुना मुलूख, म्हणजे मध्य प्रांत. पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, पण १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. नदीच्या दोन्ही काठांवर बोलणं एक, सोयरीक एक, भाकरही एकच, पण दफ्तर वेगळं. तेव्हाच्या सरकारी नकाशावर ‘विदर्भ’ हे नाव नव्हतं आणि ‘महाराष्ट्र’ही नव्हतं.

आता गाण्यातली बाकीची नावं त्याच नकाशावर शोधू. पंजाब आणि बंगाल हे प्रांत होते. सिंध मुंबई इलाख्यात होता, तो वेगळा प्रांत झाला १९३६ मध्ये. उत्कल म्हणजे ओडिशा, तोही वेगळा झाला १९३६ मध्येच. गुजरात नावाचं राज्य १ मे १९६० ला झालं, आपल्या महाराष्ट्राच्याच दिवशी. द्राविड नावाचा प्रांत तर कधीच नव्हता. म्हणजे रवींद्रनाथ टागोरांनी ही ओळ लिहिली तेव्हा सरकारी नकाशा समोर ठेवून यादी केली नव्हती. त्यांनी माणसांचे, भाषांचे, मातीचे प्रदेश घेतले, आणि तेही सगळे नाहीत. ‘मराठा’ हा शब्दही तिथं जातीचा नाही, मराठी मुलखाचा आहे. हे आपल्या पोरांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण आज गावात तो शब्द वेगळ्या अर्थानं कानावर पडतो.

पुढे फाळणीत सिंध पाकिस्तानात गेला. मग तो शब्द गाळावा अशी मागणी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००५ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या हद्दींची यादी नव्हे, हा त्यातला मुद्दा मला फार पटतो. सिंधी माणूस उल्हासनगरात आहे, नागपूरच्या जरीपटक्यात आहे, अमरावतीच्या कापडबाजारात आहे. गाण्यातला सिंध या सगळ्यांचा आहे.

हे गीत पहिल्यांदा म्हटलं गेलं २७ डिसेंबर १९११ ला, कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात. पुढच्या महिन्यात ते ‘तत्त्वबोधिनी पत्रिके’त छापून आलं. मूळ गीत पाच कडव्यांचं आहे, आपण म्हणतो ते पहिलं. दर जानेवारीत मोबाईलवर एक मजकूर फिरतो, की हे गाणं पंचम जॉर्ज बादशहाच्या स्तुतीसाठी लिहिलं होतं. आमच्या गावातल्या शिकलेल्या पोरांनीही तो मला पाठवला आहे, म्हणून इथं जरा थांबतो. त्याच महिन्यात, १२ डिसेंबरला, दिल्ली दरबारात बादशहानं बंगालची फाळणी रद्द केली होती. अधिवेशनात त्याच्या स्वागताचा ठराव होता आणि त्या दिवशी एक दुसरं हिंदी गीत खरोखरच बादशहासाठी म्हटलं गेलं. काही इंग्रजी वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनी दोन्हींची गल्लत केली. रवींद्रनाथांनी स्वतः १९३७ मध्ये एका पत्रात लिहिलं, की युगानुयुगं माणसाचा रथ हाकणारा तो भाग्यविधाता कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही. बाकीची कडवी वाचली की हे आपसूक कळतं. त्यात रात्र आहे, वाट चुकलेला देश आहे, शंखध्वनी आहे, मांडीवर घेणारी आई आहे. बादशहाला कोणी आई म्हणत नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी एकदा ती पाचही कडवी वाचावीत एवढीच विनंती.

पण आपल्या भागात लोकांच्या ओठांवर आधी आलं ते हे गाणं नव्हे. आधी आलं ‘वंदे मातरम्’. बंकिमचंद्रांचं हे गीत १८८२ च्या ‘आनंदमठ’ कादंबरीतून लोकांपुढे आलं आणि १८९६ च्या कोलकाता अधिवेशनात खुद्द रवींद्रनाथांनी ते गायलं. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि ‘वंदे मातरम्’ ही लढ्याची घोषणा बनली. दोन-तीन वर्षांत ती नागपूरच्या शाळांत पोहोचली. तपासणीला आलेल्या साहेबाचं स्वागत पोरांनी वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’नं केलं, त्यावरून शाळा हादरली. त्यात शाळेबाहेर पडावं लागलेला एक विद्यार्थी म्हणजे केशव बळीराम हेडगेवार. पुढचं शिक्षण त्यांना यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत घ्यावं लागलं. तीसेक वर्षांनी उलट दिशेनं पोरं आली. १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यांच्यासाठी दार उघडलं. त्यांतलेच एक पी. व्ही. नरसिंह राव, पुढचे पंतप्रधान. त्यांच्या अस्खलित मराठीचं आपल्याला कौतुक वाटायचं. त्या मराठीवर नागपूरचंही पाणी आहे.

झेंड्याचंही तसंच. १९२३ मध्ये नागपुरात सिव्हिल लाइन्सकडे तिरंगा घेऊन जायला बंदी होती. मे ते ऑगस्ट असे साडेतीन महिने देशभरातून सत्याग्रही येत राहिले, झेंडा हातात घेऊन चालत राहिले आणि पकडले जात राहिले. पुढारी वर्ध्याचे जमनालाल बजाज. ते तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल आले. विनोबाही तुरुंगात गेले. शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्यानं गेली. तो झेंडा तेव्हा कुठल्याही सरकारचा नव्हता. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासाचा गाभा इथं आहे. राष्ट्रचिन्हं आपल्याकडे राजपत्रातून खाली उतरली नाहीत. लोकांनी आधी ती वापरली, त्यांची किंमत मोजली, आणि राजपत्र मागून आलं.

ते मागून कसं आलं, यात नागपूरची एक नोंद आहे आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एका कार्यक्रमासाठी भारताच्या प्रतिनिधींना त्यांचं राष्ट्रगीत मागितलं गेलं. ठरलेलं काहीच नव्हतं. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, ती वाद्यवृंदाला दिली. वाजलं तेव्हा इतर देशांच्या लोकांना इतकं आवडलं की त्यांनी स्वरलिपी मागून घेतली. हे नेहरूंनी २५ ऑगस्ट १९४८ ला घटना समितीत सांगितलं. पुढे ते म्हणाले की सगळ्या प्रांतांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवून, आपापल्या मुख्यमंत्र्यांशी बोलून मत कळवा असं विचारलं होतं. सगळ्यांनी ‘जन गण मन’ला होकार दिला. एकानं दिला नाही. ते गव्हर्नर मध्य प्रांताचे, म्हणजे नागपूरच्या राजभवनातले.

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं. सगळ्या देशातून एक वेगळं मत, आणि ते आपल्या राजधानीतून! मला त्यात विरोध दिसत नाही. ज्या गावात एका गाण्यापायी पोरांनी शाळा गमावल्या, त्या गावाला दुसऱ्या गाण्याला लगेच ‘हो’ म्हणणं जड गेलं असेल तर नवल नाही. नंतर पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनीही आपली पसंती ‘वंदे मातरम्’ला असल्याचं कळवलं. चालीचा प्रश्नही होताच. राष्ट्रगीत बँडवर वाजायला हवं, परक्या देशातल्या वादकांनाही ते जमायला हवं. आपले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ची बँडवर वाजेल अशी चाल बांधली, दिल्लीला जाऊन ती वाजवून दाखवली आणि या गीतासाठी शेवटपर्यंत खटपट केली.

निकाल लागला २४ जानेवारी १९५० ला. त्या दिवशी घटना समितीच्या सदस्यांनी संविधानावर सह्या केल्या आणि राजेंद्रप्रसाद राष्ट्रपती म्हणून निवडले गेले. त्यांनी उभं राहून एक निवेदन वाचलं: ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात मोठा वाटा असलेल्या ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान. मतदान झालं नाही. टाळ्या झाल्या. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख याच घटना समितीचे सदस्य.

आता बोधवाक्य. ‘सत्यमेव जयते’ आपल्या खेड्यात कुठं कुठं दिसतं ते एकदा मोजून बघा. नोटेवर, नाण्यावर, तहसीलच्या कागदावर, पोलीस पाटलाच्या नेमणूकपत्रावर, शाळेत अडकवलेल्या संविधानाच्या उद्देशिकेवर. आमच्या वर्गातल्या एका पोरानं चष्मा लावून बसलेल्या आजोबाच्या शेजारी बसून भिंगातून पाच रुपयांच्या नाण्यावरची ती अक्षरं वाचली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दाखवायला ते नाणं कंपासपेटीत घालून आणलं. तीन सिंह दिसतात, चौथा पाठीमागे असतो, हे त्याला कळलं तेव्हा तो नाणं उलटून चौथा शोधत होता.

हे वाक्य मुंडक उपनिषदातलं, तिसऱ्या मुंडकातलं. पूर्ण ओळ ‘सत्यमेव जयते नानृतम्’ अशी आहे: सत्यच जिंकतं, खोटं नाही. स्वातंत्र्यलढ्यात पंडित मदनमोहन मालवीयांनी ते लोकांत रुजवलं. सिंह मात्र उपनिषदातले नाहीत. ते सम्राट अशोकाचे, सारनाथच्या स्तंभावरचे. बुद्धानं पहिला उपदेश केला त्या जागी अशोकानं स्तंभ उभारला, आणि १९०४-०५ च्या उत्खननात त्याचा शिरोभाग मिळाला. त्या दगडावर ‘सत्यमेव जयते’ कोरलेलं नाही. २६ जानेवारी १९५० ला राजमुद्रा स्वीकारताना बुद्धाच्या वाटेचे सिंह आणि वैदिक परंपरेतलं वाक्य अशी जोड घातली गेली. ज्या विदर्भात दीक्षाभूमी आहे, तिथं या जोडीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अशोक आपल्याला तसा दूरचाही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेकला त्याच्या काळचा मानला जाणारा ब्राह्मी शिलालेख सापडला आहे, त्यात प्राण्यांना पकडू नका, मारू नका अशी आज्ञा आहे.

संविधानाच्या हस्तलिखित प्रतीसाठी हे सिंह रेखाटले दीनानाथ भार्गव या तरुण चित्रकारानं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली तो शिकत होता. सिंह हुबेहूब यावेत म्हणून त्यानं कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या खेपा घातल्या. हा मुलगा मुलताईचा, बैतूल जिल्ह्यातला. मुलताई म्हणजे वरुडवरून वर चढलं की लागतं ते गाव. तेव्हा ते नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होतं. आणि त्याच मुलताई तालुक्यात, सातपुड्यात, आमची वर्धा नदी उगम पावते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचं आहे.

इतर देशांतही राष्ट्रगीत आणि बोधवाक्य असं मागून पक्कं झालेलं दिसतं. नेदरलँड्सचं गीत सोळाव्या शतकातलं, अधिकृत झालं १९३२ मध्ये. अमेरिकेचं गीत १८१४ चं, कायद्यात आलं १९३१ ला. स्पेनच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत, नुसती धून. इंडोनेशियाचं बोधवाक्य चौदाव्या शतकातल्या जावानी काव्यातलं आहे, त्याचा भाव ‘वेगवेगळे असूनही एकच’ असा, आणि त्या काव्यात तो शिव आणि बुद्ध यांच्याबद्दल आला आहे. सारनाथचे सिंह आणि उपनिषदाची ओळ शेजारी ठेवणाऱ्या आपल्याला हा देश जवळचा वाटावा. दक्षिण आफ्रिकेनं १९९७ पासून एकाच राष्ट्रगीतात पाच भाषा घेतल्या आहेत. ज्या राजवटीनं लोकांना रंगावरून वेगळं केलं, तिच्या गीताचा काही भागही त्यांनी टाकून दिला नाही. यासाठी किती मोठं मन लागलं असेल!

परत आपल्या वावरात येऊ. आमच्याकडे गाण्यातून देश शिकवला तो तुकडोजी महाराजांनी. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. हातात खंजिरी, समोर बाया-बापे, आणि भजनात देवासोबत गाव, शेत, स्वराज्य. १९४२ च्या आधी ते चिमूर, आष्टी भागांत गात फिरले. झाडंझुडपं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील, भक्तांची सेना होईल, अशा अर्थाचं त्यांचं हिंदी भजन तेव्हा लोकांच्या तोंडी होतं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी पेटून उठले, माणसं गोळीबारात पडली. महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली. पुढे राजेंद्रप्रसादांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटलं. राष्ट्रगीताची घोषणा करणारेही तेच. आजही आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, आणि ‘या भारतात बंधुभाव नित्य वसू दे’ म्हणताना आज्या डोळे मिटून घेतात. त्याला सरकारी दर्जा नाही. कोणी उभं राहायला सांगत नाही, तरी शेवटी सगळे उठून उभे राहतात.

प्रतिज्ञेचंही सांगून ठेवतो. ‘भारत माझा देश आहे’ ही मूळ तेलुगू, १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली. ते विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी होते. पुढे ती देशभरातल्या शाळांत गेली, पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर छापली गेली, पण तिच्यावर त्यांचं नाव नव्हतं. आमच्या वर्गात मी ते नाव फळ्यावर लिहून ठेवतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. राष्ट्रगीताच्या गायनात मुद्दाम अडथळा आणणं १९७१ च्या कायद्यानं गुन्हा आहे. राष्ट्रगीताचा आदर हे १९७६ पासून संविधानातलं मूलभूत कर्तव्य आहे. पण १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असंही सांगितलं, की आपल्या धर्मश्रद्धेमुळे जो गात नाही, पण आदरानं उभा राहतो, त्याला शाळेतून काढता येणार नाही. मला हा निकाल राष्ट्रगीताचा मान वाढवणारा वाटतो. धाकानं म्हटलेलं गाणं पोराच्या आत जात नाही, हे शिकवणाऱ्याला रोज दिसतं. मागच्या वर्षी ऐन झेंडावंदनाला वीज गेली, भोंग्यावरचं गाणं ‘विंध्य’पाशी तुटलं. मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. पोरांनी मात्र ‘हिमाचल’पासून उचललं आणि न थांबता शेवटपर्यंत नेलं.

राहिलं राज्यगीत. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ लिहिलं राजा बढे यांनी. ते नागपूरचे. संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. लोकांनी ते साठ वर्षं म्हटलं आणि १९ फेब्रुवारी २०२३ ला, शिवजयंतीला, ते अधिकृत राज्यगीत झालं. इथंही राजपत्र मागूनच आलं. वेगळ्या विदर्भाची मागणी मनापासून करणारी माणसं आमच्या गावात आहेत. ती याही गाण्याला उभी राहतात, कारण ते नागपूरच्या माणसाचं आहे हे त्यांना ठाऊक आहे.

या गाण्याच्या पहिल्याच कडव्यात नद्यांची नावं येतात, ‘रेवा, वरदा’ अशी. रेवा म्हणजे नर्मदा. वरदा म्हणजे कोण, हे मी त्या पाचवीतल्या मुलीला विचारलं. तिनं थोडा विचार केला, “वरदा... वर्धा?” आणि मैदानाच्या टोकाकडे बघितलं. तिथून नदीकाठची बाभळीची रांग दिसते. मग तिनं विचारलं, “सर, मंग गानं लिवनारा इकडं आला होता का?”